कंसातलं वाक्य

प्रिय ताई,
माझं वय ५४. कॉलेजातल्या माझ्या मित्राने आणि मी विशीत ठरवलं होतं, एकदा सायकलवर लांब जायचं. मग नोकऱ्या, संसार, ते राहूनच गेलं. मधली पंधराएक वर्षं तर वाढदिवसाच्या फोनापुरताच संबंध उरला होता. गेल्या वर्षी भेटलो, विषय निघाला आणि या वेळी खरंच ठरलं. अकरा आठवड्यांनी निघतोय. १,१०० किलोमीटर, १६ दिवस. तो सहा वर्षं नेमाने चालवतोय, २०० आणि ३०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, त्याने केल्यात. मी दहा महिन्यांपूर्वी सुरुवात केली. एका दिवसात जास्तीत जास्त ६५ किलोमीटर झालेत. (दोन वर्षांपूर्वी एक स्टेंट बसवलाय, पण डॉक्टर सायकलला हो म्हणालेत. मित्राला बोललो नाही, उगाच काळजी करत बसेल.) त्याच्या वेगाशी कसं जुळवून घेऊ? जुनी सायकल नीट करून घेऊ की नवी घेऊ? आणि पैशांवरून वितुष्ट येऊ नये म्हणून काय करावं?
– मागे पडणारा

तुमच्या पत्रात तीन प्रश्न आहेत आणि एक कंस आहे. प्रश्नांची उत्तरं देते, पण आधी कंस.

डॉक्टर सायकलला हो म्हणाले, म्हणजे नेमकं कशाला हो म्हणाले? तुम्ही विचारलं असणार, "सायकल चालवली तर चालेल ना?" आणि त्यांच्या डोळ्यांसमोर आली असणार सकाळची अर्ध्या-पाऊण तासाची फेरी. तिला कोणीही हो म्हणेल. तुमचा बेत वेगळा आहे. रोज पाच-सहा तास, ओळीने सोळा दिवस, सामान लादून, चढ आणि ऊन धरून. हे सगळं एका कागदावर आकड्यांत लिहा आणि तो कागद घेऊन परत त्यांच्याकडे जा. ते स्ट्रेस टेस्ट करायला सांगतील, गोळ्यांच्या वेळा बदलतील किंवा काहीच बदलणार नाहीत. जे काही सांगतील, ते निदान या प्रवासाबद्दल असेल.

गोळ्यांची नावंही त्याच कागदावर असू द्या. तुम्हाला बीटा ब्लॉकर चालू असेल, तर हृदयाचे ठोके मुद्दाम दाबून ठेवलेले असतात. मनगटावरचं घड्याळ ११० दाखवेल, मित्र म्हणेल "अरे, अजून खूप जोर शिल्लक आहे तुझ्यात," आणि तुम्ही मात्र खरोखर तुमच्या टोकाला पोचलेले असाल. तेव्हा घड्याळ सोडा आणि बोलून बघा. पायडल मारता मारता एक पूर्ण वाक्य बोलता आलं तर ठीक. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर गिअर हलका करा. रक्त पातळ करणारी गोळी असेल, तर साध्या खरचटण्यातलं रक्तही लवकर थांबत नाही, आणि डोक्याला मार लागला तर हेल्मेट शाबूत असलं आणि तुम्ही हसत असलात तरी तडक दवाखाना गाठायचा असतो. छातीवर दाब, जबडा किंवा डावा हात भरून येणं, कष्टाच्या मानाने जास्त धाप, अकारण घाम, यातलं काहीही झालं तर जागच्या जागी थांबायचं. "पुढच्या वळणापर्यंत जाऊ आणि मग बघू" असं म्हणायचं नाही.

आता मला सांगा, तुम्ही रस्त्याच्या कडेला बसला आहात आणि बोलता येत नाहीये, तर हे सगळं तिथे कोणाला माहीत असायला हवं? गोळ्या कुठल्या पिशवीच्या कुठल्या कप्प्यात आहेत, हे कोण सांगणार? दोनशे मीटर पुढे जो पाठमोरा दिसतोय, तोच ना?

"उगाच काळजी करत बसेल" हे कारण मला पटलं नाही, आणि खरं सांगू का, ते तुम्हालाही पटलेलं नसावं. नाहीतर ते कंसात गेलं नसतं. तो काळजी करेल ही भीती कमी आणि "मग राहू दे यार, पुढच्या वर्षी बघू" असं म्हणेल ही भीती जास्त. त्याहून मोठी भीती म्हणजे तो दयेने हळू चालवेल. त्याच्या मनातले तुम्ही अजून बावीस वर्षांचे आहात. तो बावीसचा मुलगा तुम्हाला इतक्यात घालवायचा नाहीये. मला ते कळतं. पण सायकलवर बसणार आहात तुम्ही, ५४ वर्षांचे.

१८९० साली अमेरिकेत टॉमस ॲलन आणि विल्यम झाख्टलेबेन हे दोन वर्गमित्र पदवी मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी सायकलवर जग बघायला निघाले आणि तीन वर्षांत २४,००० किलोमीटरहून जास्त अंतर कापून परत आले. मला त्यांचा नेहमी हेवा वाटतो, आणि तो अंतराचा कमी, त्या "दुसऱ्या दिवशी"चा जास्त. एकमेकांची माहिती शिळी व्हायला त्यांना वेळच मिळाला नव्हता. तुमच्या दोघांमध्ये तीस वर्षं साचली आहेत. त्याच्याकडेही एखादा कंस असेल. रात्री झोप लागत नसेल, गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल, घरी काही बिनसलं असेल. तुम्ही आधी बोललात तर तोही बोलेल. अशी बोलणी पंधराव्या किलोमीटरवर चालत्या सायकलींवरून होत नाहीत, कारण वारा अर्धी वाक्यं पळवतो.

एक गोष्ट माझी सांगते. मी ४९ वर्षांची असताना शाळेतल्या मैत्रिणीबरोबर बारा दिवसांच्या प्रवासाला निघाले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी उजव्या गुडघ्यात, वाटीच्या खाली, बारीक कळ यायला लागली. मी बोलले नाही. तिसऱ्या दिवशीही बोलले नाही. सकाळी ती सामान बांधत असताना मी गुपचूप मलम चोळायचे आणि वास येऊ नये म्हणून मोजा वर ओढून घ्यायचे. चौथ्या दिवशी एका साध्याशा चढावर पाय खाली टेकला आणि परत उचलला गेला नाही. तिने सायकल आडवी टाकली, गुडघा बघितला, मग माझी सायकल बघितली. सीटपोस्ट, म्हणजे सीटची दांडी, जिथे फ्रेममध्ये शिरते तिथे खरवडलेल्या धुळीची रेघ साचली होती. सीट रोज थोडी थोडी करून दीड सेंटिमीटर खाली घसरली होती. बोल्ट सैल होता. सीट खाली गेली की गुडघा जास्त दुमडतो आणि दुखणं पुढच्या बाजूला येतं. सीट फार वर असेल तर ते गुडघ्याच्या मागे येतं. हे मला पुस्तकी माहीत होतं. तिने सीट वर घेऊन ॲलन कीने बोल्ट आवळला, चार मिनिटं लागली. मग चिकटपट्टीचा तुकडा सीटपोस्टला फ्रेमच्या बरोबर कडेला गुंडाळला, म्हणजे पुन्हा घसरली तर लगेच दिसेल. आणि म्हणाली, "तीन दिवस मी तुला विचारतेय, बरी आहेस ना? तीन दिवस तू हो म्हणतेयस." गुडघ्याला दोन दिवस विश्रांती द्यावी लागली. ते दोन दिवस ती माझ्याशी फक्त पंक्चरपुरतं बोलली.

ती चिकटपट्टी तुम्हीही लावा. दोघांच्या सायकलींना.

आता वेग. आधी तुमचा हिशेब तपासू. १६ दिवसांतले दोन पूर्ण विश्रांतीचे धरले (आणि ते धरायचेच) तर उरले १४. १,१०० भागिले १४ म्हणजे रोज जवळपास ७९ किलोमीटर. तुमचा आजवरचा उच्चांक ६५, तोही बहुधा रिकाम्या सायकलवर आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी असताना. पंधरा किलो सामान चढवलं की तेच ६५ वेगळे लागतात. म्हणजे तुम्ही रोज, चौदा वेळा, स्वतःचा उच्चांक मोडायला निघाला आहात. मला विचाराल तर रोज ५५ ते ६० धरा, एकूण ८०० च्या आसपास. किंवा दिवस वाढवा. हा १,१०० चा आकडा कोणाच्या डोक्यातून आला हो? ब्रेव्हे करणाऱ्या माणसाला चार आकडी अंतराचा मोह असतो, मला माहीत आहे.

ब्रेव्हेची सवय आणि लांबचा प्रवास यांत फरक आहे, तो तुमच्या मित्रानेही ओळखलेला बरा. २०० किलोमीटरची ब्रेव्हे साडेतेरा तासांत संपवायची असते, ३०० ची वीस तासांत. तिथे थांबणं म्हणजे वेळ घालवणं, आणि दुसऱ्या दिवशी बिछान्यात पडून राहिलं तरी चालतं. इथे रोज सकाळी उठून परत त्याच सीटवर बसायचं असतं. सहा वर्षांत तो सामान लादून लागोपाठ पाच दिवस चालला आहे का, हे विचारा. नसेल तर या बाबतीत तुम्ही दोघंही नवशिके आहात, आणि हे कळल्यावर तुमची मान थोडी वर होईल.

वेगातल्या फरकाची खरी गोम चढावर कळते. तो पुढे जातो, माथ्यावर पोचतो, पाणी पितो, फोटो काढतो, पाय मोकळे करतो. दहा मिनिटांनी तुम्ही धापा टाकत पोचता. तो हसून म्हणतो, "आलास? चल!" आणि पायडलवर पाय ठेवतो. त्याची दहा मिनिटं विश्रांती झाली, तुमची शून्य. दिवसातून असं आठ वेळा झालं की संध्याकाळी तुम्ही मोडून पडलेले असता आणि तो चक्रावलेला असतो की मी तर प्रत्येक ठिकाणी थांबत होतो! त्यात त्याचा दुष्टपणा काही नाही. म्हणून नियम करा: विश्रांतीचं घड्याळ मागचा माणूस पोचल्यावर सुरू होतं. आणि सपाटीवर तुम्ही पुढे राहा. मागचा माणूस पुढच्याला गाठण्यासाठी नकळत जोर लावत राहतो. तो जोर त्याच्याकडे आहे, त्यालाच लावू द्या.

समोरून वारा असेल तर उलट करा. तो पुढे, तुम्ही त्याच्या आडोशाला. पण चाकाला चाक चिकटवायचा शर्यतवाल्यांचा प्रकार नको. तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाला घासलं तर तो तसाच पुढे जातो, पडता तुम्ही. आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर पडणं किती महागात जातं, ते वर आलंच आहे. सामान लादून ताशी १५-१८ किलोमीटरने जाताना आडोशाचा फायदा तसाही शर्यतीइतका नसतो. एक-दीड सायकलभर अंतर राहू द्या.

वेग जुळवायचा सगळ्यात सोपा उपाय मात्र पायांत नसून पिशव्यांत आहे. हत्यारं, सुटे भाग, स्टोव्ह, तंबू, असलं सगळं सामाईक वजन त्याच्या सायकलवर. तुमच्याकडे तुमचे कपडे, औषधं आणि पाणी. पाच-सहा किलो इकडून तिकडे गेले की चढावरचं अंतर डोळ्यांना दिसेल इतकं कमी होतं. जड वस्तू पिशवीत तळाला आणि दोन्ही बाजूंना सारख्या. कॅरिअरवर उंच रचलेलं सामान उतारावर सायकल डुलवतं. पण त्याने वजन का घ्यावं, हे त्याला कळायला हवं. बघा, आलो परत कंसापाशी.

सायकलीबद्दल थोडक्यात. फ्रेम तुमच्या मापाची असेल तर जुनीच ठेवा. नवी घ्यायची झाली तर आजच घ्या, कारण निदान पाचशे किलोमीटर तिच्यावर झाल्याशिवाय लांब निघणं म्हणजे दुकानातून आणलेल्या नव्या बुटांत डोंगर चढणं. जुन्या सायकलीचे दात मोजा. पुढच्या सगळ्यात लहान चकतीचे दात मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीच्या दातांपेक्षा कमी किंवा फार तर तेवढेच हवेत. पुढे २८, मागे ३४ असेल तर उत्तम. पुढे ३९ आणि मागे २५ असेल तर ती सायकल सामान घेऊन चढावर तुमचा जीव काढेल. तेवढा बदल करून घ्या. चेन ताणली गेली असेल तर नवी टाका, टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचे घ्या, ब्रेक पॅडची एक जोडी जवळ ठेवा. स्पोक तुटले तर बहुधा मागच्या चाकाचे आणि गिअरच्या बाजूचे तुटतात, म्हणून त्या मापाचे तीन स्पोक फ्रेमला चिकटपट्टीने बांधून टाका. पंक्चर काढताना नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट हळूच गोल फिरवा. पहिल्या ट्यूबला छिद्र पाडणारी तार तिथेच बसलेली असते, दुसरीची वाट बघत. आणि पॅड असलेल्या शॉर्ट्सच्या आत दुसरं काही घालायचं नसतं. हे कोणी सांगत नाही. मग चौथ्या दिवशी माणूस उभ्याने जेवतो.

अकरा आठवडे सरावाला पुरेसे आहेत, डॉक्टरांनी तो कागद बघून मान हलवल्यावर. एकाच दिवशी ९० मारून दाखवायच्या मागे लागू नका. शनिवारी ४०, रविवारी परत ४०, असं जोडीने करा आणि आठवड्याला थोडं थोडं वाढवा. सातव्या-आठव्या आठवड्यात दोघांनी मिळून दोन रात्रींची फेरी करा, संपूर्ण सामान घेऊन. हातांना मुंग्या येतात का, सीट टोचते का, हे त्यात कळेल. तो पहाटे साडेचारला उठून खुडबुड करणारा आहे का, तेही कळेल. तीस वर्षांपूर्वी हॉस्टेलवर दहाला उठणारा मुलगा आता कुठे उरलाय कोणास ठाऊक.

निघण्याआधी आणखी एक गोष्ट शिकता आली तर बघा. दोघांनी सीपीआरचं, म्हणजे हृदय थांबलं तर छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्याचं, प्रशिक्षण घ्या. छातीच्या मधोमध, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब. दोघांनी म्हणतेय मी. स्टेंट तुम्हाला असला तरी त्याचं वयही ५४ च आहे ना?

पैशांचं फार अवघड करू नका. टीटीएमएम लांबच्या प्रवासात चालत नाही, दर थांब्यावर सुट्ट्यांचा हिशेब करून वैताग येतो. एक वेगळं पाकीट करा. दोघांनी रोज सकाळी सारखी रक्कम त्यात टाकायची. राहणं, खाणं, दुरुस्ती त्यातून, आणि ज्याचे वैयक्तिक लाड ते ज्याच्या खिशातून. भांडण होतं ते झोपायच्या जागेवरून. एकाला तंबू हवा असतो, दुसऱ्याला गादी. तुम्हाला गादी लागेल. ते आधी सांगा आणि फरकाचे पैसे तुम्ही द्या. ती उधळपट्टी समजू नका.

राहिलं एकच, ते तुम्ही विचारलेलं नाही. दोघांपैकी एकाला मधेच थांबावं लागलं तर? १९२३ साली मुंबईहून सहा जण सायकलवर जगाच्या फेरीला निघाले. १९२८ मध्ये फेरी पुरी करून परतले ते तिघंच, अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा. बाकीचे तिघं वाटेत आपापल्या ठिकाणी वेगळे झाले. ७१,००० किलोमीटरच्या वाटेवर असं होणारच. तुमच्या ८०० च्या वाटेवरही होऊ शकतं. तुम्ही बस पकडली तर त्याने पुढे जायचं की तुमच्याबरोबर परतायचं? हे आता, चहाच्या कपावर, शांतपणे ठरवा. एक मात्र वेगळं ठेवा: छातीचं काही असेल तर तो तुम्हाला सोडून जाणार नाही. इतर कशासाठीही, कंटाळा आला म्हणूनसुद्धा, एकाने "बास" म्हटलं की त्या दिवशी कारण विचारायचं नाही.

आता तो फोन. सुरुवात कशी करावी ते सुचत नसेल तर हे निमित्त घ्या. त्याच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बहुतेक प्रेस्टा असेल, बारीक, टोकाला स्क्रू असलेला. तुमच्या जुन्या सायकलीचा श्रेडर असण्याची शक्यता जास्त, मोटारीसारखा जाडा. एकाचा पंप दुसऱ्याला चालेलच असं नाही, आणि दोन पंप वाहून नेण्यात अर्थ नाही. तेव्हा फोन लावा आणि विचारा, "अरे, तुझा व्हॉल्व्ह कुठला?" तो पाच मिनिटं पंपाबद्दल बोलेल, असली माणसं बोलतातच. त्याचं संपलं की म्हणा, "व्हॉल्व्हवरून आठवलं, माझ्या हृदयाचं एक तुला सांगायचं राहिलंय."